जाळीमास्तरांनी पास केलेला टीव्ही

जाळीमास्तर कधीच कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते. शाळा त्यांनी सातवीत सोडली की शाळेनं त्यांना, यावर घरात मतभेद होते. पण दोघांचंही एकमेकांवाचून काही अडलं नाही. मास्तर ही पदवी त्यांना टीव्हीच्या ट्यूबा बनवणाऱ्या कारखान्यात मिळाली आणि ती कुणी फुकट वाटली नव्हती. एकतीस वर्षं ते एका अंधाऱ्या खोलीत, उंच स्टुलावर, हनुवटी लाकडी दांडीवर टेकवून बसले. समोर पट्ट्यावरून ट्यूबा यायच्या, जाड काचेच्या, मागे नरसाळ्यासारख्या निमुळत्या. प्रत्येकीवर पांढऱ्या रेघांची एक जाळी उमटायची. तांबडी, हिरवी आणि निळी अशा तीन रेघा एकमेकींवर अचूक बसल्या तरच रेघ पांढरी दिसते. केसभर सरकली की कडेला रंगाची झालर डोकावते. ती झालर पकडायची. सापडली की खडूची फुली, माल फेल. नाही सापडली की शिक्का, माल पास. त्यांच्या आडनावाची आठवण फक्त पगारपत्रकाला होती. बाकी सगळ्यांना ते जाळीमास्तर.

ती हनुवटीची दांडी होती डोळा जागेवर राहावा म्हणून. ट्यूबच्या बरोबर मधोमध, ठरलेल्या अंतरावर. नव्या माणसाला मास्तर पहिल्या दिवशी एवढंच शिकवत, "डोळा मधोमध आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही." महिनाअखेरीला माल कमी पडला की साहेब स्वतः खाली यायचे, खांद्यावर हात ठेवायचे. "मास्तर, गिऱ्हाइकाला एवढं बारीक कुठं दिसतंय?" मास्तर दांडीवरची हनुवटी न उचलता म्हणायचे, "त्याला दिसत नाही म्हणूनच तर मला पगार देता." साहेबांचा हात खांद्यावरून निघून जायचा. बढतीही त्याच हाताबरोबर गेली, पण मास्तरांनी कधी तोंडातून ब्र काढला नाही.

मग चपटे टीव्ही आले. कारखाना बंद पडला असं आजही लोक म्हणतात. कारखाने काही आपोआप बंद पडत नाहीत. कुणीतरी वातानुकूलित खोलीत बसून सही करतं, तेव्हा ते बंद पडतात, आणि सही करणाऱ्याचा बोर्ड दुसऱ्या गेटावर लागतो. सात महिने माणसं फाटकासमोर बसली. मास्तर पहिल्या रांगेत. आठव्या महिन्यात रांगा विरळ झाल्या, मग रांगाच राहिल्या नाहीत. मास्तर घरी आले आणि बायकोला सांगितलं, "चपटा टीव्ही ह्या घरात येणार नाही. मी असेपर्यंत तरी नाही."

"येतोय कुठं?" बायको म्हणाली. "आपल्या खोलीत पाहुणा आला तर त्याला उभं करायला जागा नाही."

ही बाई मास्तरांच्या तोडीची होती. कपडे शिवणाऱ्या मोठ्या कारखान्यात ती दोरे जुळवायची. कापडाचा तागा आला की शेकडो रिळांतून त्याच्या रंगाचं रीळ काढायचं. जरा फिकं नाही, जरा गडद नाही. प्रत्येक छटेला नंबर. एकशे नव्वद, दोनशे चौदा, तीनशे सात. तिला तक्ता बघावा लागत नसे. रस्त्यानं जाणाऱ्या बाईच्या अंगावरचं कापड पाहून ती पुटपुटायची, "दोनशे बासष्ट, आणि दोरा वापरलाय त्रेसष्ट. मेल्यांनी डोळे गहाण टाकलेत." त्यांची लेक, जी पुढे बसस्थानकावर तिकीट खिडकीत बसायला लागली, ती म्हणायची, "आमच्या घरी नवा कपडा घालून येणं म्हणजे कोर्टात उभं राहणं. बाबा शिवण सरळ आहे का बघणार, आई रंग बघणार. निर्दोष कुणी सुटत नाही."

बाई निवृत्त झाली तेव्हा कारखान्यानं दिलेला हार तिनं दारातच काढून ठेवला आणि पिशवीतून एक चपटी लाकडी पेटी काढली. उरलेसुरले दोरे, दोनशेच्या वर छटा, नंबरासकट. "चोरलीस?" मास्तरांनी विचारलं. "सत्तावीस वर्षं," ती म्हणाली. "दरसाल आठ-आठ रिळं. ह्याला चोरी म्हणत नाहीत, हप्ता म्हणतात."

मग एका सकाळी भाकरी थापताना तिचा उजवा हात थांबला. हाताबरोबर पाय, तोंडाची एक बाजू. जीभ मात्र महिन्याभरात परत आली, आणि पहिल्यापेक्षा धार लावून आली. डॉक्टरांनी मास्तरांना आणि लेकीला बाहेर बोलावलं. दुसरा झटका येणार, केव्हा ते सांगता येत नाही. वर्ष निघालं तर पुष्कळ. बाईला यातलं काही सांगितलं नाही. वॉर्डातल्या शेजारणीला मात्र डॉक्टर म्हणाले होते की या आजारात कधी कधी नजरही जाते, आणि ते बाईनं ऐकलं होतं. हे मास्तरांना ठाऊक नव्हतं.

वर्षभरात करायचं काय? मास्तरांनी तिला विचारलं, हवंय का काही. कुठं जायचंय का, कुणाला भेटायचंय का.

"जाऊ कुठं, ह्या पायानं?" ती म्हणाली. मग जरा वेळानं, "तो कार्यक्रम बघायचाय. ती बाई देशोदेशी फिरते बघा, विणकरांकडे, रंगाऱ्यांकडे. पेठेतल्या दुकानात चालू होता तेव्हा अर्धा बघितला होता मी. काय रंग होते हो!"

कार्यक्रम रोज संध्याकाळी लागायचा. नेमकं तेव्हाच गोळ्यांमुळे बाईचे डोळे मिटलेले असायचे. घरातला जुना टीव्ही, ज्याच्या ट्यूबवर मास्तरांच्याच हातचा शिक्का होता, तीनदा जिवंत करून चौथ्यांदा गेला होता. आणि पडद्याचा आकार एवढाच की खाटेवरून माणूस दिसला तर त्याच्या हातातला दोरा दिसला नसता. म्हणजे टीव्ही मोठा हवा, चपटा हवा, आणि जोडीला रेकॉर्डर, संध्याकाळचं धरून ठेवून सकाळी दाखवणारा. मास्तरांनी दोन दिवस दाढी केली नाही. तिसऱ्या दिवशी केली, आणि लेकीला म्हणाले, "चल. दुकानात जायचंय."

दुकानात भिंतभर टीव्ही होते आणि सगळ्यांवर एकच पोपट. पन्नास पोपटांनी एकदम मान वळवली.

"किती इंची दाखवू, काका?" विक्री करणारी पोरगी पुढे आली.

"इंच मग बघू. आधी हा पोपट काढ."

"छान दिसतोय की."

"पोपट कुठल्याही टीव्हीवर छानच दिसतो. त्याचा खरा रंग काय होता ते तुला ठाऊक आहे, का मला?"

पोरगी हसली. मास्तरांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. लेकीनं कुठूनशी जाळी मिळवून त्यात भरली होती. "हे लाव. आणि दिवे बंद कर."

"दुकानातले?"

"मग काय रस्त्यावरचे?"

"बाबा!" लेक दबक्या आवाजात म्हणाली.

"आमचे साहेब ओरडतील, काका."

"ओरडू दे. माझ्या नावावर टाक."

त्या कोपऱ्यापुरते दिवे गेले. दुकानात एकच स्टूल होतं. ते मास्तरांनी ओढलं, एका टीव्हीच्या बरोबर मधोमध मांडलं, अंतर पावलांनी मोजलं, आणि हनुवटीला दांडी नव्हती म्हणून दोन मुठी एकीवर एक ठेवून त्यावर हनुवटी टेकवली. मग पुढच्या टीव्हीसमोर. मग त्याच्या पुढच्या. दोन तास. फेल, फेल, कडेला उजेड गळतोय, फेल, हा तर विकायला ठेवण्याच्याही लायकीचा नाही. पाच-सहा गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. कारखाना सुटल्यावर बारा वर्षांनी मास्तरांच्या पाठीचा कणा सरळ झाला होता. लेकीला ते दिसलं, आणि तिनं घड्याळाकडे बघणं सोडून दिलं.

शेवटी दोन उरले. एकाचा काळा रंग विहिरीत वाकून बघावा तसा. दुसऱ्याचा जरा उजळ.

"काका, एक विचारू?" पोरगी म्हणाली. "घरी बघणारं माणूस कुठं असतं? समोर, का बाजूला?"

"टीव्ही समोरूनच बघतात. पाठीमागून बघतात का?"

"तसं नाही. ह्या दुसऱ्याचा काळा जरा कमी आहे, पण हा—"

"जरा? हा राखाडी आहे. राखाडीला काळा म्हणून खपवता आणि वर मला विचारता? पोरी, तुझ्या आईचं लग्न ठरायचं होतं तेव्हापासून मी हेच करतोय."

पोरगी एक पाऊल मागे सरली. सकाळपासून उभी होती ती. बसायला जे एक स्टूल होतं ते मास्तरांखाली होतं. एकतीस वर्षं स्टुलावर काढलेल्या, सात महिने फाटकासमोर बसलेल्या माणसाला तरी हे दिसायला हवं होतं. आणि ती पोरगी पुढे काय सांगणार होती तेही ऐकायला हवं होतं. मास्तरांनी विहिरीसारखा काळा असलेल्या टीव्हीवर बोट ठेवलं. "हा पास."

रेकॉर्डर निवडायला त्यांनी आणखी अर्धा तास घेतला. एकात जागा भरली की जुनं आपोआप पुसलं जायचं. "न विचारता पुसतो? असला माणूस मी घरात घेणार नाही, यंत्र कशाला घेऊ?" शेवटी विचारून पुसणारा मिळाला.

खोली अरुंद होती. एका भिंतीला खाट, पायथ्याशी लोखंडी कपाट. टीव्हीला जागा एकच, कपाटाच्या वर, छताला लागून. मास्तरांनी तो तिथं टांगून घेतला, स्टुलावर चढून डोळा मधोमध आणला, जाळी लावली, मान हलवली. त्यांची स्वतःची बसायची जागा पार पलीकडे, स्वयंपाकाच्या दाराशी. तिथून पडदा जवळजवळ समोर यायचा. बाई खाली, बाजूला, डाव्या कुशीवर, उशीही पातळ. तिला भरवताना मास्तर खाटेच्या काठावर बसत, पण तेव्हा त्यांचं तोंड तिच्याकडे असे आणि पाठ टीव्हीकडे. लेक रविवारी आली की वडिलांशेजारी दाराशी बसायची. खाटेवरच्या उशीवरून तो टीव्ही एकच माणूस बघत होतं.

"कसा दिसतोय?" पहिल्या सकाळी मास्तरांनी विचारलं. पडद्यावर ती फिरणारी बाई रंगाऱ्याच्या अंगणात उभी होती, दोरीवर ओली कापडं.

बाईनं डावा हात डोळ्यांवरून फिरवला. मग म्हणाली, "तुम्ही निवडलाय ना? मग झालं तर."

मास्तर शेजाऱ्यांना बोलावून टीव्ही दाखवत. कुणाचा काळा राखाडी आहे ते न विचारता सांगत. त्यांना दोन वेळची भूक लागायला लागली. बाई हे सगळं खाटेवरून बघायची.

काही काही विचारायचीही. "हे रंगारी आजारी आहेत का हो? तोंडं राखेनं माखल्यासारखी वाटतात."

"आजारी कशाला? काळे कुळकुळीत, धट्टेकट्टे आहेत."

"असं होय."

एकदा म्हणाली, "कापडं सगळी धुवट रंगाची करतात वाटतं तिकडं." मास्तर दाराशी बसून हसले. "धुवट? अगं, डोळे दिपतात माझे." त्यानंतर तिनं रंगांबद्दल विचारलं नाही.

दुसऱ्या महिन्यात तिनं लेकीला कपाटातली लाकडी पेटी काढायला सांगितली आणि चौकातल्या शिंपिणीला देऊन टाकली. डाव्या हातानं रोज ती रिळं लावायची, मोडायची, पुन्हा लावायची. त्यातच तिचा दिवस जायचा. मास्तर म्हणाले, "का गं?" ती म्हणाली, "जवळचं दिसतं अजून. लांबचं उडत चाललंय. उद्या जवळचंही उडेल, तेव्हा द्यायची त्यापेक्षा आज दिलेली बरी." मास्तरांनी डॉक्टरांना विचारायचं ठरवलं, आणि मग विचारलं नाही. त्यांना उत्तर ऐकायचं नव्हतं. ते धरून चालले की दुखणं हळूहळू वर चढतंय.

कार्यक्रम रोज साठत होता, रोज सकाळी लागत होता. बाईनं बघण्याचं सोडून ऐकायला सुरुवात केली. डोळे मिटून.

तीन महिन्यांनी पाठीला जखमा व्हायला लागल्या म्हणून हवेची गादी आणली. लेकीनं त्या दिवशी रजा घेतली होती. ती आईला चाकाच्या खुर्चीत बसवून दवाखान्यात घेऊन गेली. मास्तर गादी अंथरायला घरी राहिले. आता तपासल्याशिवाय वस्तू वापरात घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. गादी फुगवली, हातानं दाबून बघितली, आणि समाधान होईना म्हणून स्वतः तिच्यावर आडवे झाले. डाव्या कुशीवर, तिच्यासारखे. डोकं तिच्या उशीवर.

टीव्ही चालू होता. कालचं नीट धरलं गेलंय का ते ते बघत होते. उशीवरून त्यांची नजर वर गेली.

पडद्यावर राख होती. माणसं होती, पण राखेची. दोरीवर कापडं होती, दहा-बारा, आणि सगळी एकाच फडक्यातून फाडल्यासारखी. विहिरीसारखा काळा रंग पांढुरका पडला होता, भिजलेल्या भिंतीवरच्या डागासारखा.

मास्तर उठले. स्टूल ओढलं, चढले, डोळा मधोमध आणला. लाल कापड लाल. पिवळं पिवळं. खाली उतरून पुन्हा उशीवर डोकं टेकलं. राख. असं त्यांनी चारदा केलं. चौथ्यांदा ते स्टुलावरच बसून राहिले.

ट्यूबचं बरं होतं. समोरून बघा, बाजूनं बघा, जमिनीवर लोळून बघा, रंग हलत नसे. म्हणून कारखान्याच्या तपासणीच्या तक्त्यात 'बाजूनं' असा रकानाच नव्हता. एकतीस वर्षं त्यांनी हजारो ट्यूबा पाहिल्या आणि एकदाही मान तिरकी केली नाही. तशी गरजच पडली नाही. ह्या चपट्या जातीचं वेगळं होतं, आणि ते ज्या पोरीला ठाऊक होतं तिचं तोंड त्यांनी बंद केलं होतं.

दुपारी दोघी परत आल्या. लेकीनं आईला नव्या गादीवर निजवलं आणि औषधं आणायला गेली. मास्तर स्टुलावरून उठले नव्हते.

"काय झालं?" बाईनं विचारलं. "तोंड का असं?"

"माल फेल आहे."

"कुठला माल?"

"हा. वरचा. मी पास केलेला." त्यांनी हे शब्द बोलायला आयुष्यभराइतका वेळ घेतला, पण बोलले. "तिथनं तुला रंग दिसत नाहीत. दिसायचेच नाहीत कुणाला. मी आत्ता झोपून बघितलं."

बाई म्हणाली, "काहीतरीच. दोष माझ्यात आहे."

"तुझ्यात नाही."

"अहो, डॉक्टर म्हणाले होते, नजर जाते म्हणून. मी ऐकलंय. तुम्ही एक रेघ वाकडी सोडली नाहीत कधी, तुम्ही निवडलेला खराब कसा असेल? मी पहिल्याच दिवशी ओळखलं, की आपले डोळे चालले. तुम्हाला सांगितलं नाही एवढंच. तुम्ही एवढे खुशीत होतात."

मास्तरांना वाटलं होतं की तीन महिने तिला कार्यक्रम नीट दिसला नाही, एवढीच आपली चूक. ती तीन महिने स्वतःला आंधळी होत चाललेली समजत होती, आणि तेही त्यांच्या शिक्क्यावर विश्वास ठेवून.

ते कामाला लागले. टीव्ही खाली उतरवणं एकट्याचं काम नव्हतं, तरी उतरवला. दोन खोकी एकावर एक, त्यावर टीव्ही, खाटेला चिकटून, खाली झुकवून, उशीच्या बरोबर समोर. मग गुडघ्यावर बसले, तिच्या गालाशेजारी गाल नेला, तिच्या डोळ्याच्या जागी आपला डोळा आणला, आणि मग चालू केला.

अंगण. दोरीवर कापडं.

बाईनं उशीवरून मान उचलली. मग ती म्हणाली, "दोनशे चौदा."

"काय?"

"मधलं कापड. दोनशे चौदा. त्याच्या पलीकडचं तीनशे सात, पण भट्टी जास्त लागलीय." मग तिचा आवाज फिरला. "म्हणजे होते. डोळे होते माझे."

"होते गं."

"तीन महिने! तीन महिने मी रोज एक रंग मनातून काढून टाकत होते. हा गेला, तो गेला म्हणत. पेटी दिली मी माझी त्या बाईला!"

"आणतो परत."

"काय आणता? शिवून झाली असतील कुणाकुणाच्या बाह्यांना. एकदा, एकदा तरी माझ्याशेजारी डोकं टेकायचं होतं! एवढी कसली ती ऐट?"

मास्तरांच्या नाकावरचा राग गावाला माहीत होता. त्या दिवशी तो जागेवर नव्हता. त्यांनी मान खाली घातली.

बाईला त्यांच्याकडे पाठ फिरवायची होती, आणि तेवढंही तिला एकटीला जमत नव्हतं. "वळवा मला," ती म्हणाली. "भिंतीकडे." मास्तरांनी एक हात तिच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि आपल्याच हातांनी तिची पाठ आपल्याकडे करून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीकडूनच आवाज आला, "वळवा. आणि लावा."

"कुठला लावू?"

"पहिल्यापासून."

रेकॉर्डरनं विचारल्याशिवाय काही पुसलं नव्हतं. नव्वदच्या वर भाग होते. रोज दोन बघितले, कधी तीन. बाईनं आवाज बंद करायला लावला. "ती बाई फार बोलते. मला ऐकायचं नाही, तीन महिने ऐकलंय." मुक्या पडद्यावर रंगाची पिपं उकळायची, हात कोपरापर्यंत निळे व्हायचे, आणि बाई नंबर म्हणायची. मास्तर तिच्या डोक्याशेजारी डोकं टेकवून, जमिनीवर गुडघे रोवून बसत. एखादा नंबर ते मुद्दाम चुकीचा म्हणत.

"एकशे साठ?"

"डोकं ठिकाणावर आहे का? एकशे साठ म्हणजे पावट्याचा हिरवा. हा चौऱ्याहत्तर."

लेक शिंपिणीकडून पेटी घेऊन आली. चाळीसेक रिळं उरली होती. बाईनं ती बघितली, झाकण लावलं, आणि उशाशी ठेवायला सांगितली. मास्तरांशी ती गोड बोलायला लागली, असं काही झालं नाही. पाणी मागताना पाणीच मागायची. पण नंबर मात्र त्यांनाच सांगायची, लेक असली तरी.

असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी दुपारी मास्तरांनी अठ्ठाविसावा भाग लावला. एक म्हातारा रंगारी खड्ड्यात उतरून ताग्याचं टोक वर ओढत होता, आणि कापड हवा लागेल तसं हिरव्याचं निळं होत होतं. मास्तर थांबले. नंबर आला नाही.

"हा कुठला गं?"

बाईचे डोळे उघडे होते. पडद्याकडेच होते. ती म्हणाली, "लावलात का?"

मास्तर उठले. त्यांनी टीव्ही बंद केला, चालू केला. मागच्या तारा काढल्या, फुंकर मारून पुन्हा खोचल्या. खोकी दोन बोटं पुढे ओढली, पडदा आणखी झुकवला. मग जाळी लावली आणि तिच्या उशीवर, तिच्या डोक्याला डोकं लावून निजले, आणि रेघ न् रेघ तपासली. वरची डावी कड. खालची उजवी. मधोमध. ते झालर शोधत होते. कुठंतरी तांबडी डोकावावी, कुठंतरी निळी सरकलेली असावी, एक फुली मारता यावी. एकही रेघ हललेली नव्हती. सगळी जाळी पांढरीशुभ्र होती.

"काय झालंय?" तिनं विचारलं.

"माल फेल आहे," मास्तर म्हणाले.

"पुन्हा?"

"पुन्हा. आतूनच गेलाय. उद्या बदलून आणतो."

तिनं डावा हात चाचपडत पुढे केला. त्यांची बाही सापडल्यावर थांबली, आणि शिवणीवरून अंगठा फिरवत राहिली.

"असू द्या," ती म्हणाली. "घाई नाही."